परत न आलेले ठिपके

परभणीकडची विजयश्री चाकणच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये गाड्यांचे सुटे भाग ताणून बघायची. भागावर रंगाचे बारीक ठिपके उडवायचे, मशीनवर ताण द्यायचा, ठिपके किती सरकले ते कॅमेरा मोजणार. ताण सोडला की ठिपके मूळ जागी यायलाच हवेत. नाही आले तर लाल फुली, माल भंगारात. "ताई, परत एकदा ओढून बघा की, येतील," सुपरवायझर दत्तोबा गळ घालायचा. ही बाई कसली ऐकतेय! "ताणलं ते ताणलं, भाऊ," म्हणायची आणि फुली मारून मोकळी व्हायची.

अशी ही खमकी पोरगी पोलीस भरतीच्या मागे लागली होती. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटचीच भरती. शिफ्ट सुटली की ती सर्व्हिस रोडला धावायची आणि तिथल्याच एका खड्ड्यानं डाव साधला. गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट अर्धं फाटलं. "उरलेलं लिगामेंट शाबूत निघालं तर टाके घालू, भरतीला धावशील," डॉक्टर अपेक्षा म्हणाल्या. "पण सैल पडलं असेल, तर मांडीतल्या स्नायूचा दोर काढून तिथं बसवावा लागेल. मग वर्षभर धावणं विसरायचं."

ऑपरेशनच्या वेळी भूल फक्त कमरेखाली होती. दुर्बिणीतून डॉक्टरांनी लिगामेंटवर शाईचे ठिपके दिले, ते समोरच्या पडद्यावर दिसले, तेव्हा विजयश्रीला हसूच आलं. इथंही आपलंच काम! डॉक्टरांनी नडगी पुढे ओढली. ठिपके एकमेकांपासून लांब गेले. मग नडगी सोडली.

ठिपके परत आले नाहीत.

ठिपक्यांमधल्या अंतराचा पडद्यावरचा आकडा वाचायची तिला गरजच नव्हती.

"मॅडम, परत एकदा ओढून बघा ना. येतील ते," ती म्हणाली आणि आपल्या तोंडून दत्तोबाच बोलतोय हे तिला कळलं. तरी ती गयावया करत राहिली. "एकदाच, मॅडम."

डॉक्टरांना तिचं मन मोडवेना. त्यांनी हळूच ओढलं, सोडलं. ठिपके होते तिथंच लांब थांबले.

"मारा फुली," विजयश्री पुटपुटली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही, मॅडम. काढा मांडीतला दोर."

दोन्ही हात टेबलाच्या पट्ट्यांना बांधलेले होते, त्यामुळे डोळे पुसता येईनात आणि पाणी कानात उतरत राहिलं.