मोजणीबाहेरचा पाय

माझी भाची वाचण्याचा पगार घेते. हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मी गवंडी. दिवस संपला की भिंत किती चढली ते लांबून दिसायचं. हिचं काम दिसत नाही. दिवसभर खुर्चीत बसते, पडद्याकडे बघते आणि संध्याकाळी मान धरून घरी येते. पण दमलेलं माणूस मला ओळखता येतं. ती खरी दमलेली असते.

काम असं आहे. डॉक्टर आणि अभ्यासक आजारांवर संशोधन करतात. एक म्हणतो हा उपाय चांगला, दुसरा म्हणतो काही उपयोग नाही. भाचीच्या ऑफिसात ही सगळी संशोधनं गोळा करतात, कच्ची बाजूला काढतात आणि उरलेल्यांचं मिळून म्हणणं काय, ते आरोग्य खात्याला सांगतात. खातं त्यावरून पैसा कुठे घालायचा ते ठरवतं. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, तिला ‘चाळणी’ म्हणते. भाची चिडायची. आता फोनवर स्वतःच सांगते, “चाळणी बोलतेय, भात लावून ठेवा.”

त्यांच्या कामाचे दोन नियम मला फार आवडले. पहिला, प्रत्येक संशोधन दोघांनी वेगवेगळं वाचायचं. आपसात बोलायचं नाही. मग ताडून बघायचं. जुळलं तर पुढे जायचं, नाही जुळलं तर तिसऱ्याला विचारायचं. दुसरा नियम, काय धरायचं आणि काय सोडायचं ते आधी ठरवायचं. उत्तर दिसल्यावर त्याला हात लावायचा नाही. “नाहीतर मामा, जो तो आपल्याला हवं तेच शोधून काढेल,” ती म्हणाली. मला पटलं. भिंत सरळ आहे का ते दाखवणारा ओळंबा कुणी भिंत बघून बदलत नाही.

गेल्या वर्षी त्यांच्याकडे आलेला प्रश्न आमच्या घरातलाच होता. साखरेच्या आजारात पायाला जखमा होतात, त्या महिनोन्महिने भरत नाहीत. नर्स घरोघरी जाऊन ड्रेसिंग करतात. त्यात खात्याचा बराच पैसा जातो. तेच काम रोग्याला शिकवलं आणि त्याने स्वतः केलं, तर जखम तितकीच बरी होते का? होत असेल तर तो पैसा दुसरीकडे वापरता येईल. प्रश्न वाईट नव्हता. औषधाविना राहणारेही लोक आहेतच.

ताईच्या तळव्याला अशी जखम होती, अंगठ्याच्या मागे. ती जन्मभर शिवणकाम करून जगली. नवरा लवकर गेला, पायमशीन चालवून तिने हे एकच लेकरू शिकवलं. आता तोच पाय. एक दिवसाआड सिस्टर यायची. पाय मांडीवर घ्यायची, मेलेली कातडी कापायची, धुवायची, पट्टी बांधायची. ताई तिला ब्लाउजची मापं काढायला शिकवायची. दोघींचं चांगलं जमलं होतं.

एका संध्याकाळी भाची खुशीत आली. चहा घेता घेता म्हणाली, “उत्तर चांगलं येतंय. जे स्वतः ड्रेसिंग करतात त्यांच्या जखमा नर्सच्या हातच्या इतक्याच भरतात.”

ताईने विचारलं, “त्यात मी आहे का गं?”

“तू कशी असशील? दवाखान्यातलं ड्रेसिंगचं ट्रेनिंग तू अर्धवट सोडलंस. संशोधन कुठलंही असो, जे ट्रेनिंग पूर्ण करतात त्यांनाच आम्ही धरतो.”

“सोडलं कारण मला माझा तळवा दिसत नाही. वाकता येत नाही.”

“हो, पण जो शिकलाच नाही त्याने स्वतःची काळजी घेतली असं कसं म्हणणार? म्हणून मी नियमच तसा केला.”

“छान,” ताई म्हणाली. “शर्यतीत पडले ते धावलेच नाहीत म्हणायचं. मग सगळेच पहिले.”

मी हसलो. भाची हसली नाही. तिने कप खाली ठेवला. मग उठून आपल्या कामाला लागली, जेवायलाही आली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला सांगितलं. बऱ्याच संशोधनांत निम्मे लोक ट्रेनिंगमधूनच गळाले होते. कुणाला दिसत नव्हतं, कुणाचा गुडघा मुडपत नव्हता, कुणाच्या घरी दुसरं माणूस नव्हतं. त्यांच्याबद्दल एक ओळ असायची, पुढे ते कुठेच नसायचे. तिने ती ओळ वाचली होती. तिच्याबरोबर तीच संशोधनं वाचणाऱ्यानेही वाचली होती. दोघांनी वेगवेगळं वाचलं, दोघांनी तेच सोडलं आणि दोघांचं जुळलं.

ती ऑफिसातल्या मोठ्या मॅडमकडे गेली. परत आली तेव्हा चपला काढायचंही भान नव्हतं.

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, नियम तूच लिहिलास. आता उत्तर बघून बदलायचा?”

“मग?”

“मग काय मामा! बरोबर आहे त्यांचं. त्यांच्या जागी मी असते तर हेच बोलले असते.”

अहवालाच्या शेवटी, उणिवांच्या भागात, एक वाक्य घालायला परवानगी मिळाली.

“तो भाग कोण वाचतं?” मी विचारलं.

“आम्ही,” ती म्हणाली.

इकडे ताईच्या मनाने वेगळंच घेतलं होतं. लेक एवढी झिजून हिशेब मांडते आणि आपण त्यात नाही, याचा तिला राग होता. लेकीला न सांगता तिने ट्रेनिंगला पुन्हा नाव घातलं. मला म्हणाली, “तू फक्त जिन्यावरून हात धर. तोंड उघडायचं नाही.” मी गेलो. तोंडही उघडलं नाही.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत टेबलं मांडली होती. प्रत्येकासमोर प्लास्टरचा पाय, तळवा वर केलेला, त्यावर लाल रंगाने जखम काढलेली. ताईने चष्मा पुसला आणि हात चालवला. शिवणारीची बोटं ती. पट्टीला एक सुरकुती नाही. शिकवणारी मुलगी म्हणाली, “आजी, तुम्हीच आम्हाला शिकवाल.”

“हा पाय शहाणा आहे,” ताई म्हणाली. “माझ्याकडे तोंड करून बसलाय. माझा तसा बसत नाही.”

सगळे हसले. मुलीने ताईला सामानाची पेटी आणि एक लांब दांड्याचा आरसा दिला. ताई पास झाली.

घरी येऊन तिने आरसा लेकीसमोर ठेवला. “घे. आता धर मला मोजणीत.”

भाचीचा चेहरा पडला. “आई, कुणी सांगितलं होतं तुला?”

“कुणी कशाला सांगायला हवं?”

अहवाल खात्याला पसंत पडला. नवा आदेश निघाला. ट्रेनिंग पूर्ण केलेल्यांच्या घरी नर्स जाणार नाही. ज्यांचं झालेलं नाही त्यांच्याकडे सध्या जाईल. सिस्टर शेवटची आली तेव्हा तिने पाय मांडीवर घेऊन नेहमीसारखी पट्टी बांधली. “माझ्या हातात काही नाही हो, आजी.” ताई म्हणाली, “ब्लाउजची बाही जरा सैल ठेव, काखेत ओढतेय तुला.”

भाची रजा टाकून दवाखान्यात गेली. ताईचं ट्रेनिंग पूर्ण धरू नका म्हणाली. तिथला कारकून भला माणूस होता. पण म्हणाला, “झालेलं न झालेलं कसं करू, सांगा.” ती तशीच परत आली.

मग आमचं सुरू झालं. ताई पलंगावर बसून आरसा धरायची. आरसा खालून, पाय वरून, नजर अधू. कात्री नको तिकडे जायची. शेवटी सकाळी भाची करायची, संध्याकाळी मी. भाची आईचा पाय इतका जपून धरायची की पट्टी सैल सुटायची. माझी सुटायची नाही. पण सिमेंटने बोटांची टोकं खाल्ली आहेत, त्यांना काही लागत नाही. ताईच्या तळव्यातली संवेदना गेलेली. मी जास्त दाबलं तर मलाही कळायचं नाही आणि तिलाही. मेलेली कातडी कापायचं तर आम्हा दोघांत कुणाचंच धाडस नव्हतं. मी कामात कधी कसूर केली नाही. रोज पाणी उकळलं, हात धुतले, वेळ चुकवली नाही. जखम मोठीच होत गेली.

सुट्टीच्या एका दुपारी पट्टी सोडली तेव्हा ताई म्हणाली, “थांबा. आज तुमच्या पद्धतीने करू. नंदीबैलासारखी मान हलवत बसू नकोस रे तू. चाळणे, तू स्वयंपाकघरात जा. आधी हा बघेल, मग तू. आपसात बोलायचं नाही.”

भाची गेली. मी पाय उजेडाकडे वळवला. कडेचं मांस काळं पडलं होतं. वास मला आधीच आला होता.

“कशी आहे?”

“बरी आहे,” मी म्हणालो.

मी बाहेर आलो, भाची आत गेली. दारात आमची नजरानजर झाली, तेवढीच. ती बराच वेळ वाकून होती.

“कशी आहे गं?”

“बरी आहे, आई.”

ताईने दोघांना समोर बोलावलं. आरसा उचलून पांघरुणाखाली सारला, जणू तो आता कुणालाच लागणार नव्हता.

“जुळलं तुमचं,” ती म्हणाली. “तरी उद्या तिसऱ्याला दाखवू. हॉस्पिटलची बॅग भर. माझी सुती साडी घाल, कापायला लागली तर वाईट वाटायला नको.”

ती साडी कापण्याबद्दल बोलत होती. आमच्या डोळ्यांसमोर पाय होता. भाचीने खाली बसून जुनी पट्टी गुंडाळायला घेतली. टाकायचीच होती, तरी ती कडेला कड लावून, नीट गुंडाळत राहिली.