सराव हिवाळ्यातला, शर्यत उन्हातली

माझी धाकटी बहीण शेती सांभाळते आणि मी सावली गावाजवळच्या एका शाळेत शिकवते. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, रस्त्यावर ती पुढे धावायची आणि मी, तिची थोरली 'बाई', मागे. कुठल्या पोलीस भरतीसाठी नाही, नुसत्या हौसेनं. त्याचं गावाला नवल वाटायचं. त्या हिवाळ्यात आम्ही चंद्रपूरच्या मॅरेथॉनला नावं दिली.

अंधारात निघायची सोय नव्हती. नहरापलीकडे पिल्लांसह वाघीण दिसली होती, म्हणून उजाडल्यावरच घराबाहेर पडायचं. थंडीत त्याचं काही वाटलं नाही. कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांवर धुकं असायचं, बोटं बधिर व्हायची, आणि बहीण दर आठवड्याला आणखी लांब, आणखी वेगानं धावायची.

मग शर्यत पुढे ढकलली गेली, जानेवारीतून मार्चमध्ये. फेब्रुवारी सरता सरता ऊन असं तापलं की परत येताना माझं डोकं ठणकायचं.

"वेग कमी कर," मी तिला म्हटलं. "रोज थोडंथोडं उन्हात धावू. आंगाले सवय होऊ दे."

"बाई, आपण इथीच जन्मलो. आपल्याले उन्हाचं काय भेव?" ती हसली. "बाहेरचे लोक येतीन, त्याईनं भ्यावं."

पाय ताजे राहावेत म्हणून तिनं शेवटच्या दिवसांत धावणंच कमी केलं. जेवढं धावली तेवढं उजाडताच, गारव्यात.

शर्यतीच्या दिवशी पाहुणे उशिरा आले, भाषणं झाली, आणि आम्हाला सोडलं तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. ती पहिल्याच वळणावर दिसेनाशी झाली. मी हळू निघाले. अर्धं अंतर मागे पडल्यावर रस्त्याच्या मधोमध ती मला दिसली. पाय वाकडेतिकडे पडत होते. मी तिचा हात धरला तर तो भाजत होता.

"बाई, माहं स्वेटर कुठी हाय? थंडी वाजून राह्यली," ती म्हणाली.

बाजूलाच पंक्चरचं दुकान होतं. दुकानदारानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि हातातला पाना टाकून धावत आला. "पाय धरा तुमी, सावलीत घेऊ." ट्यूब तपासायच्या टाक्यातलं पाणी तो बादलीनं तिच्यावर ओतत राहिला. मी तिच्या मानेखाली हात घालून बसले होते. ती मला ओळखत नव्हती. दवाखान्यात नेल्यावरही "माय कुठी गेली?" हेच विचारत होती. आमची माय जाऊन बरीच वर्षं झाली आहेत.

संध्याकाळी तिनं मला बाई म्हणून हाक मारली, तेव्हा मी बाहेर जाऊन रडून घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं. उन्हाची सवय शरीराला दरवर्षी नव्यानं लावावी लागते. हिवाळ्यात ती निघून जाते. जन्म कुठं झाला, यानं काही फरक पडत नाही. "लगेच पाणी ओतलं म्हणून वाचली," त्या म्हणाल्या.

वाचली, पण पहिल्यासारखी राहिली नाही. त्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीला उतरली आणि उकाड्यानं चक्कर येऊन चिखलातच बसली. मग रोज बांधावर छत्री धरून उभी राहायची, बाया खाली वाकून रोवायच्या. "मले म्हातारी करून ठेवलं," एवढंच एकदा बोलली. चुलीपुढेही तिला फार वेळ बसवत नाही.

पुढच्या थंडीत तिनं धावायचे बूट पुन्हा बाहेर काढले. मी नको म्हणाले नाही. बुटांना हात लावायच्या आधी तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर नाही म्हणणं मला जमलं नसतं. आता मी मागे राहत नाही, तिच्या बरोबरीनं धावते. तिचा वेग माझ्या आवाक्यातला नाही, म्हणून ती माझ्यासाठी कमी करते आणि त्यावरून चिडते. मधूनच मी काहीतरी विचारते. आज वार कोणता? काल कोणती भाजी होती?

"शुक्रवार. वांग्याची," ती सांगते. "तू काऊन माही परीक्षा घेऊन राह्यली, बाई?"

उत्तर बरोबर आलं की थोडा वेळ मला बरं वाटतं. मग पुढच्या वळणावर पुन्हा विचारावंसं वाटतं.