वॉल्टरला उत्तर द्यायला वेळ लागतो

लिगाया बांतुगान मनिलाहून विनिपेगला आली ती बत्तिसाव्या वर्षी. गेली बावीस वर्षं ती एकाच वॉर्डात होती. मेंदूला जबर मार लागलेली माणसं तिथे येत. त्यांचं अंग पुसायचं, कूस बदलायची, दाढी करायची, हे तिचं काम. हुद्द्याने ती सगळ्यात खाली, पण ओल्या फरशीवर पाय ठेवण्याआधी मोठे डॉक्टरही तिच्या तोंडाकडे बघत.

तिची एक खोड होती. बेशुद्ध असो की शुद्धीत, माणसाला सांगितल्याशिवाय ती त्याच्या तोंडाला हात लावत नसे. "काका, आता हनुवटी हं," असं म्हणून मगच वस्तरा. नवीन नर्सेस हसत. हसू देत, तिचं काही अडत नव्हतं.

अकरा नंबरच्या खाटेवर वॉल्टर ह्रिनचुक होता. डॉफिनच्या कर्लिंग क्लबात खेळासाठी बर्फ तयार करणारा हा माणूस शिडीवरून पडला, त्याला चार महिने झाले होते. डोळे उघडे असत, पण नजर कुठेच ठरत नसे. कर्स्टन थोरलाक्सन ही थेरपिस्ट सहा आठवडे नेमाने त्याची तपासणी करत होती. सूचना द्यायची, दहा सेकंद थांबायचं, काय झालं ते सावकाश, सविस्तर टिपायचं आणि पुढची सूचना द्यायची. दर वेळी निकाल एकच, भान नाही. गुरुवारच्या बैठकीत त्याची थेरपी बंद करून त्याला डॉफिनच्या वृद्धाश्रमात पाठवायचं ठरणार होतं. एकदा तिथे गेलेल्याला परत कोणी तपासत नाही, हे लिगायाला पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी ती त्याची दाढी करत होती. "वॉल्टर, जिभेने डावा गाल बाहेर ढकल," सवयीने ती म्हणाली, आणि वस्तरा धुता धुता नेहमीसारखी नमो मरिया ही छोटी प्रार्थना पुटपुटू लागली. एक संपली. दुसरी संपत आली आणि वॉल्टरचा डावा गाल वर आला.

तिच्या हातातला वस्तरा थांबला. "आता उजवा," ती म्हणाली. पुन्हा दोन नमो मरिया. उजवा गाल वर आला.

मंगळवारी तसंच झालं. बुधवारी लिगाया कर्स्टनच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"वॉल्टरला समजतंय. पण उत्तर द्यायला त्याला दोन नमो मरियांचा वेळ लागतो."

कर्स्टनने पेन खाली ठेवलं. पोरगी वाईट नव्हती, पण नियमाच्या बाहेर एक पाऊल टाकायची नाही. "लिगाया, जीव लावला की माणसाला हवं तेच दिसतं. तो गाल आपोआपही हलत असेल."

"जीव? अगं, त्याने दोनदा माझा गणवेश खराब केलाय! जीव कसला लावते मी!"

"माझ्याकडे सहा आठवड्यांचे कागद आहेत."

"असू देत की. उद्या सकाळी नऊला ये. एकच गोष्ट सांग आणि मग तोंडाला कुलूप लाव. नाही पटलं तर पुन्हा तुझ्या दारात उभी राहणार नाही."

"दहाला बैठक आहे."

"म्हणूनच नऊला म्हणतेय, पोरी."

गुरुवारी लिगायाने त्याला पुसून, खुर्चीत ताठ बसवून ठेवलं. कर्स्टन घड्याळ घेऊन आली. "वॉल्टर, वर बघा."

दहा सेकंद झाले. कर्स्टनचा हात सवयीने कागदाकडे गेला. लिगायाने तो मनगटाला धरून दाबून ठेवला. वीस झाले. चोविसाव्या सेकंदाला वॉल्टरने छताकडे पाहिलं.

"योगायोग असेल," कर्स्टन म्हणाली, पण आवाज बदलला होता. "वॉल्टर, डोळे मिटा." सव्वीस. मिटले. "जीभ दाखवा." पंचवीस. जिभेचं टोक ओठाबाहेर आलं. "खाली बघा." त्याने खाली पाहिलं. लिगायाला रडू फुटत होतं, पण ती ओठ दाबून त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली.

कर्स्टनने फाईलमधून सहा आठवड्यांचे कागद काढून खाटेवर पसरले. सांगितलं 'वर बघा', नोंद 'काही नाही'. सांगितलं 'डोळे मिटा', नोंद 'वर पाहिलं, चूक'. सांगितलं 'जीभ दाखवा', नोंद 'डोळे मिटले, चूक'. तिने बोट ठेवून प्रत्येक नोंद एकेक ओळ वर सरकवून पाहिली. प्रत्येक उत्तर बरोबर होतं, फक्त आधीच्या प्रश्नाचं होतं. सहा आठवडे वॉल्टर जीव तोडून उत्तरं देत होता आणि ती प्रत्येकापुढे आपल्या हाताने चूक लिहीत होती.

बैठकीत कर्स्टनने ते कागद सगळ्यांसमोर ठेवले आणि चूक आपली आहे हे स्पष्ट सांगितलं. वॉल्टरला आणखी बारा आठवडे मिळाले. ही बातमी द्यायला लिगायाने त्याची बायको डार्लीन हिला फोन लावला. ती बाई पलीकडून नुसतीच "अच्छा, अच्छा" म्हणत राहिली आणि मग हमसाहमशी रडली.

दुपारी लिगाया डब्यातल्या पान्सित नूडल्स घेऊन कर्स्टनच्या खोलीत गेली. कर्स्टन भिंतीकडे बघत बसली होती.

"दहा सेकंद मोजून मी आणखी कितीजणांना पाठवलं असेल, लिगाया?"

त्यातल्या कितीतरी जणांचं सामान लिगायानेच बांधलं होतं. तिने डबा बाजूला ठेवला.

"रडायचं ते संध्याकाळी रड," ती म्हणाली. "आता नावं काढ."

तीन वर्षांतली नऊ नावं निघाली. दोघं वारले होते. तिसरी होती फ्लिन फ्लॉनच्या वृद्धाश्रमातली अॅग्नेस, वय एकेचाळीस. फोन तिथल्या नर्सने उचलला.

"अॅग्नेस? ती काही समजण्याच्या पलीकडे आहे हो. तुमच्याच हॉस्पिटलने लिहून दिलंय तसं."

"मीच लिहिलंय," कर्स्टन म्हणाली. "तिच्याजवळ जा. तिला वर बघायला सांगा आणि मग अजिबात बोलू नका. मी फोन धरून थांबते."