फळ्यावर मावलं तेवढं

दौलत गेल्याचं मला त्याच्या सुनेनं सांगितलं. धान मळून झालं होतं, मी अंगणात बाजेला सुंभ ओढत बसलो होतो. ती कुंपणाबाहेर उभी राहिली. मी म्हटलं, "आत ये ना बाई." ती आली नाही. तिथूनच म्हणाली, "मामाजी गेले सकाळी. तुमच्यासाठी निरोप हाये. मी गेल्यावर विठोबाले सांगजा म्हणाले, आधी सांगू नोका." मी विचारलं, "काय निरोप?" ती म्हणाली, "उरलेलं लिव म्हणावं." एवढं बोलून निघून गेली. तिला त्याचा अर्थ माहीत होता की नाही, मला ठाऊक नाही. मला होता. मी सुंभ ओढायचं थांबवलं नाही. अर्धी बाज तशीच टाकून उठणं माझ्या स्वभावात नाही. बाज पुरी केली, मग मातीला गेलो.

मी तिसरी पास माणूस. पुरवणीत लिहिणाऱ्या लोकांसारखं मला लिहिता येत नाही आणि त्याची मला लाजही नाही. संपादकांना एकच सांगणं आहे. ऱ्हस्व-दीर्घ पाहिजे तेवढं सुधारा, पण वाक्य कापू नका. जागा नसेल तर सगळाच कागद परत पाठवा. असं का म्हणतो ते पुढे कळेल.

दौलत आणि मी एका वयाचे, सावली तालुक्यातल्या एकाच गावचे, आमच्या बांध्या एकीला एक लागून. आमच्याकडे धानाच्या तुकड्याला बांधी म्हणतात, हे नागपूरच्या वाचकांसाठी सांगतो. तलावाचं पाणी आधी माझ्या बांधीत यायचं, ती भरली की मी धुऱ्याला, म्हणजे मधल्या बांधाला, तोंड पाडायचो, मग ते त्याच्या बांधीत उतरायचं. आमचे बाप असंच करत होते. शाळेत मी तिसरीला थांबलो, तो सातवी शिकला. पण अक्षर माझं. मास्तर सगळ्या वर्गाला माझी पाटी दाखवायचे. एकदा मार्कंड्याच्या जत्रेत आम्ही दोघं गेलो, पंधरा-सोळा वर्षांचे असू. एका दुकानाची पाटी पाहून दौलत म्हणाला, "विठोबा, तुहं अक्षर याच्याहून चांगलं हाये." मी म्हटलं, "मंग हाये तं हाये." तो हसला. "पण तुले लिवाले काही सुचत नाई, आन मले सुचते तं अक्षर नाई. दोघं मिळून एक माणूस होते आपला." आम्ही वैनगंगेत पाय सोडून चुरमुरे खाल्ले. त्याचं ते वाक्य मला तेव्हा आवडलं होतं. पुढे आवडेनासं झालं.

चावडीसमोरचा फळा माझा. म्हणजे फळा गावाचा, पण तीस वर्षं त्यावर हात माझा. गावात वर्तमानपत्र एकच यायचं, चांद्याचं साप्ताहिक. वाचता येणारे आठ-दहा. म्हणून दर रविवारी मी पेपरातलं निवडक फळ्यावर लिहायचो, वाचता येणारा मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. माझं अक्षर टपोरं, वीतभर उंच. तलावाच्या पाळीवरून वाचता यायचं. वीतभर अक्षरांच्या सहा ओळी मावायच्या, खाली ज्यानं म्हटलं त्याचं नाव. गावाचा रिवाज असा की फळ्यावर ज्याचं नाव, तो शब्द त्याचा. मग त्यानं नाही म्हणून चालायचं नाही. भांडणं फळ्यावर मिटलेली आहेत, सोयरिकी फळ्यावर जाहीर झालेल्या आहेत. माझ्या हातानं लिहिलेलं खोटं निघालं असं कधी झालं नाही. दौलतच्या वेळीही झालं नाही. मी एक कानासुद्धा बदलला नव्हता.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. तलाव सरकारात जमा झाला होता आणि पाणी वाटायचं कोणी, हा प्रश्न होता. गावानं वाटावं की सरकारनं माणूस नेमावा. मालगुजाराचे दिवाणजी तीस वर्षं पाणी सोडत आले होते, त्यांना ते काम स्वतःकडेच ठेवायचं होतं. त्या वेळी दौलतनं साप्ताहिकात लेख लिहिला. आमच्या गावच्या माणसाचं नाव पेपरात... पहिल्यांदाच. त्यानं अंक आणून माझ्या हातात दिला. त्याला त्याच दिवशी सिंदेवाहीला जायचं होतं, मेव्हणा आजारी होता. म्हणाला, "पूरं वाच विठोबा. सावकाश वाच. मंग लिव." मी म्हटलं, "मले वाचता येते." तो म्हणाला, "तसं नाई म्हणत बाबा." पण त्यानं तसंच म्हटलं होतं ना.

दीड रकाना लेख. मी ओट्यावर बसून वाचला. त्यात एके ठिकाणी लिहिलं होतं, ते आधीपासून शेवटापर्यंत इथे देतो. "दिवाणजी तीस वर्षे प्रत्येक साहेबाच्या कानात एकच सांगत आले आहेत. ते म्हणतात, या गावच्या लोकांना पाणी वाटता येत नाही, फक्त चोरता येते. मी म्हणतो, हे साफ खोटे आहे. दोन कोरड्या वर्षांत दिवाणजी चांद्याला जाऊन बसले होते. तेव्हा याच लोकांनी वाटी-वाटीने पाणी वाटले आणि एकाचीही बांधी वाळू दिली नाही." हे असं होतं. फळ्यावर सहा ओळी. मी लिहिलं, "या गावच्या लोकांना पाणी वाटता येत नाही, फक्त चोरता येते." वीतभर अक्षरात तेवढ्याच पाच ओळी झाल्या. सहावीत दौलतचं नाव.

वाचणारा विचारेल, चुकून झालं का? चुकून झालं नव्हतं. पुढचं वाक्य मी वाचलं होतं. पण ते पोचट वाटलं आणि हे सणसणीत. शिवाय असंही वाटलं, की सातवीवाल्याला जरा लोकांत उत्तर देऊ द्यावं. येईल, सांगेल, हसतील लोक, संपेल. माझ्या मनात एवढंच होतं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आता वयाच्या या टोकाला खोटं कशाला लिहू? त्याचं नाव छापून आलं, ते मला बघवलं नव्हतं.

दौलत पाचव्या दिवशी आला. तोवर गावानं ती ओळ पाठ केली होती. भादवा सरत आला होता, धान निसवायच्या, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या, बेतात, आणि वरून पाऊस गायब. तलावाच्या पाण्याची पाळी त्याची होती. तो तलावाच्या तोंडाशी गेला तर तिथे बसलेले चार जण उठले नाहीत. एक जण म्हणाला, "दौलतभाऊ, आमी तं चोर. चोराजवळून पाणी मागतेस काऊन?" दुसरा म्हणाला, "पेपरात लिव ना, पेपरातून पाणी येते का पाह्य." सगळे हसले. तो सांगत राहिला, अरे हे दिवाणजीचं बोलणं हाये, मी खोडलं हाये ते. कोणी म्हणालं, "फळ्यावर नाव कोणाचं हाये? दिवाणजीचं का तुहं?"

मग तो माझ्याकडे आला. मी बांधीत होतो, पाणी माझ्या घोट्यापर्यंत होतं. धुऱ्याला तोंड पाडलं असतं तर त्याच्या बांधीत गेलंच असतं, कोणाला कळायचीही गरज नव्हती. तो धुऱ्यावर उभा राहून म्हणाला, "विठोबा, तुले तं माहीत हाये पुढं काय लिवलं हाये." मी फावड्यावर हात ठेवून म्हटलं, "मले फळ्याएवढंच माहीत हाये." त्यानं पाण्याकडे बघितलं. माझ्या बाजूला ओलं, त्याच्या बाजूला भेगा, मधे हातभर माती. म्हणाला, "अंक तरी दे. मी चावडीवर वाचून दावतो." मी म्हटलं, "पोराईनं फाडला." अंक माझ्या लाकडी पेटीत होता, धोतराच्या घडीखाली. दौलत दुसऱ्या अंकासाठी सावलीला, चांद्याला जाऊन आला, पण तोवर ते संपले होते. त्या वर्षी त्याचं धान निसवलंच नाही. उभं वाळलं. त्यानं त्यात बैल सोडले. बैलांनीही अर्धं टाकलं.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. दिवाळीनंतर पाणीवाटपाची चौकशी करायला सरकारी साहेब आले, चावडीत बसले, सारं गाव जमलं. साहेबांनी कागद काढला आणि वाचलं, "या गावच्या लोकांना पाणी वाटता येत नाही, फक्त चोरता येते." म्हणाले, हे तुमच्याच गावच्या माणसानं छापलं आहे, मी आणखी काय चौकशी करू? दिवाणजींनी फळ्यावरून ते उतरवून घेतलं होतं. स्वतःचंच वाक्य, दौलतच्या नावानं, माझ्या अक्षरातून फिरून त्यांच्याकडे परत गेलं. आणि ते तिथेच कोपऱ्यात पान खात बसले होते. दौलत उठला. "साहेब, त्याच्या पुढचं वाक्य..." मागून कोणी ओरडलं, "बस खाली." साहेब भला माणूस होता, असं मी आजही म्हणतो. त्यांनी विचारलं, "मूळ अंक कोणाकडे आहे का?"

चावडीपासून माझं घर चाळीस पावलं. दौलत माझ्याकडे बघत नव्हता. बघितलं असतं तर कदाचित मी गेलोही असतो... नाही, नसतो गेलो. गावासमोर माझ्या फळ्याची लाज मी काढली नसती. साहेबांनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मग कागदाची घडी केली. पाणीवाटप दिवाणजींच्या माणसाकडे गेलं. ते आजही तिथेच आहे. गावाला पाण्यासाठी हात जोडावे लागतात, आणि गाव त्याचं खापर दौलतवर फोडतं.

त्यानंतर त्याच्या घरी कोणी गेलं नाही. त्याची आई वारली तेव्हा खांदा द्यायला गावातले चार मिळाले नाहीत, सिंदेवाहीहून मेव्हणे येईपर्यंत म्हातारी अंगणात पडून राहिली. तब्येत बरी नाही असं मी सांगून पाठवलं. तब्येत बरी होती. त्याचं लिहिणंही थांबलं. वाचणं नाही. साप्ताहिक तो सावलीला जाऊन वाचून यायचा, ओळीखाली बोट धरून थेट शेवटच्या ओळीपर्यंत, ती संपली की मगच बोट उचलायचा. जाहिरातीसुद्धा तशाच वाचायचा.

दर पोळ्याला बैल मिरवून झाले की तो माझ्या दारात यायचा. बसायचा नाही. "विठोबा, एकदा पूरं लिव." मी म्हणायचो, "मावत नाई." तो म्हणायचा, "बारीक लिव." मी म्हणायचो, "बारीक अक्षर चोराचं. मी लिवत नाई." पहिल्या वर्षी तो भांडला. दुसऱ्या वर्षी हात जोडले. मग सवय झाली, त्यालाही आणि मलाही. बैल, पुरणपोळी, आणि दौलतचं एकदा पूरं लिव. त्याला हेही कळलं होतं की अंक फाटलेला नाही. कसं, ते विचारलं तर म्हणाला, "तू छापलेला कागद फाडनार नाईस. तुहं अक्षरावर लई प्रेम हाये."

शेवटचा आला तो याच पोळ्याला. खोकत होता, काठी होती. मी आपणहून म्हटलं, "मावत नाई बाबा." तो म्हणाला, "मी इचारलं का?" मग ओट्याला टेकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा टेकला. म्हणाला, "विठोबा, मोठं म्हणून तुयाजवळ अक्षर तेवढं हाये." उठून गेला. मी रागावलो. त्याच्या मागून काठी घेऊन जावं इतका रागावलो. चार महिन्यांनी सून कुंपणाशी आली.

हा लेख माफी मागायला नाही. ज्याच्याकडे मागायची तो गेला, आणि गावाकडे मी मागत नाही. गावालाही वाचता येत होतं, आठ-दहा जणांना तरी. सावली काही विलायतेत नाही, पहिल्या दोन-चार दिवसांत अंक तिथे मिळाला असता. कोणी गेलं नाही, कारण फळ्यावरचं त्यांना पुरेसं होतं. पण खडू माझ्या हातात होता, हेही लिहितो. निम्मं लिहायचं नाही, एवढं तरी आता पाळतो.

तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडली. घडीवर कागद पिवळा पडला आहे, पण अक्षर शाबूत. फळा धुतला, वाळू दिला. सकाळी उन्हं आल्यावर स्टुलावर उभा राहिलो आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदा बारीक अक्षर काढलं, तांदळाएवढं. दोनदा उतरून बसलो. लोक येऊन बघत होते. एक म्हातारा म्हणाला, "भाऊ, दिसत नाई लेका काही." मी म्हटलं, "जवळ ये." दिवाणजींचं वाक्य आलं, त्याच्या आधीचं आलं, नंतरचं आलं, दोन कोरडी वर्षं आली, वाटी-वाटीनं पाणी आलं. दौलतची सून कधी येऊन उभी राहिली, मला कळलं नाही. ती शेवटच्या ओळीखाली बोट धरून वाचत होती. सासऱ्यासारखीच. ओळ संपली आणि तिनं बोट उचललं, तेव्हा मी मागे सरून फळा बघितला.

सगळा लेख मावला होता. खाली चार बोटं जागा उरली होती.