खोडावरचा पुरावा

“आधी खोडाकडे बघा, मग तोंड उघडा.” बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या सोसायटीत सरांकडून हे ऐकून घेतलं नाही असा माणूस सापडणार नाही. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झालेले, माझ्या वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे. मला ते अजिबात आवडत नसत. तुम्हालाही आवडले नसते.

गळ्यात भिंग अडकवून ते गेटजवळच्या आंब्यांना नाक लावून उभे राहत. खोडांवर राखाडी-हिरवे चट्टे होते, आपण मसाल्यात घालतो त्या दगडफुलाच्या जातीचे. मी एकदा विचारलं, हे गोड्या मसाल्याला चालेल का? त्यानंतर कित्येक महिने ते लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

त्यांचं म्हणणं मात्र सरळ होतं. दगडफुलाला मुळं नसतात, ते हवेवरच जगतं; हवा बिघडली की झाडाच्या आधी ते मरतं. समुद्राकाठच्या उत्तनच्या आंब्यांवर ते तळहाताएवढं वाढतं, आमच्याकडे मात्र मागचा काँक्रीटचा प्लांट सुरू झाल्यापासून आक्रसत चाललं होतं, फक्त खोडांच्या खालच्या भागावर उरलं होतं. त्यांनी प्रदूषण खात्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं की फोटो कुठल्याही झाडाचे असू शकतात. तक्रारी करकरून त्यांनी सगळ्यांचं डोकं उठवलं, तेव्हा कुठे पाहणीला खात्याचे एक साहेब येणार असं ठरलं.

साहेब येणार म्हटल्यावर आमची कमिटी कामाला लागली. सर साहेबांना आणायला गेले तेवढ्यात आवार झाडून झालं आणि सगळ्या आंब्यांना छातीच्या उंचीपर्यंत गेरू-चुना फासून झाला.

“छान ठेवलीत हो झाडं,” साहेब म्हणाले.

आता सर कडाडणार म्हणून मी मजा बघायला गेटपाशी थांबले होते. ते नखाने चुना खरवडायला लागले. चुन्याबरोबर चट्टाही निघून आला.

“सर, साहेब येतायत म्हणून मुद्दाम करून घेतलं,” सेक्रेटरी म्हणाले.

“दाखवायला माझ्याकडे तेवढंच होतं,” सर हळू आवाजात म्हणाले.

साहेब चहा पिऊन गेले. मला कमिटीचा संताप आला.

त्यानंतर सर कुणावरच ओरडले नाहीत. फ्लॅट विकून उत्तनला निघून गेले, जाताना कुणाचा निरोपही घेतला नाही. प्लांट अजून चालू आहे. माझ्या मुलीला आता दम्याचा पंप लागतो. ती खोकायला लागली की मला प्लांटवाल्यांच्या आधी सरांचाच राग येतो. इतक्या भांडखोर माणसाने भांडण असं अर्ध्यात टाकून जायला नको होतं.