साली बघणारी नकोअक्का

नकोअक्काच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो ‘नको’. चहा घेता का विचारलं तर नको, बसा म्हटलं तर नको. मग जरा वेळाने बसायची आणि चहाही घ्यायची, पण आधी नकार. खरं नाव कौसल्या. ते रेशनकार्डावरच राहिलं.

आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरात. सीताफळाची झाडं रानोमाळ. आम्ही बायका पाट्या घेऊन बीडच्या स्टँडवर बसायचो. पिकलेलं सीताफळ दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. उरलेलं फेकून घरी यायचं. म्हणून बचत गटातल्या आम्ही अकरा जणींनी गर काढून विकायचं ठरवलं. फ्रीजर योजनेतून मिळणार होता, पण आधी बीडला तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्या म्हणाले.

तिथल्या साहेबांनी फळ्यावर उद्योजकाचे गुण लिहिले. धाडस, गोड बोलणं, झटपट निर्णय. मग प्रत्येकीला उभं करून प्रश्न विचारले. अक्काला विचारलं, “गिऱ्हाईक म्हणालं उद्या दुप्पट माल द्या, तर काय म्हणाल?”

“नको म्हणीन.”

“का बरं, मावशी?”

“झाड काय माझ्या सासऱ्याचा नोकर हाय का, दुप्पट द्यायला?”

सगळ्या हसल्या. साहेबही हसले, पण म्हणाले, “मावशी, तुमच्या स्वभावाला धंदा जमायचा नाही.” त्याच प्रश्नाला मी म्हटलं होतं, “देऊ की, त्यात काय!” त्यामुळे अध्यक्ष मी झाले. चौथीपर्यंत शिकलेली गटात मी एकटीच होते, तेही कामी आलं.

अक्काला आम्ही फळं निवडायला बसवलं. सीताफळाच्या खवल्यांमधली फट पिवळसर झाली की आम्ही म्हणतो डोळे उघडले. डोळे उघडायच्या आधी तोडलेलं फळ अढीत घातलं तर मऊ होतं, पण गोड होत नाही. नुसतं सपक, कच्चट लागतं. अक्का एकेक फळ हातात फिरवायची. दहातली चार बाजूला. ज्या बाईची पाटी असेल तिचं तोंड एवढंसं व्हायचं.

“अक्का, वानरं खातेत म्हणून तोडली व,” एखादी म्हणायची.

“मग वानराला विक.”

असं बोलून चार बायका तिने तोडल्या होत्या. मलाही ती नकोशी झाली होती, हे मी लपवत नाही.

पहिल्याच वर्षी पुण्याच्या एका आइस्क्रीमवाल्याची ऑर्डर मिळाली. फोनवर तो म्हणाला, “एवढा माल दसऱ्याआधी जमेल?” मी हो म्हणून बसले. अक्का शेजारीच होती. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. साहेबांनी मला बजावलं होतं, ही ऑर्डर गेली तर फ्रीजर दुसऱ्या गावाला देऊ. खोलीतली ती पांढरी पेटी आमची राहणार की जाणार, ते त्या एका टेम्पोवर होतं.

माल कमी पडत होता. टेम्पो यायच्या आदल्या दिवशी अक्का पुतण्याबरोबर नारायणगडाला दर्शनाला गेली. मी तेवढ्यात डोळे न उघडलेल्या फळांच्या सहा पाट्या घेतल्या. फळं अढीत मऊ झालेलीच होती. दिवसभर गर काढला, पिशव्या भरल्या, फ्रीजरमध्ये टाकल्या. बायका म्हणाल्या, “काकू, अक्काला कळलं तर?” मी म्हटलं, “गोठलेल्या पिशवीला काय वास येतो का?”

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो दारात लागला. ड्रायव्हरने बर्फाच्या पेट्या उघडून ठेवल्या होत्या. ऊन कडक. पेट्यांखाली पाण्याचा ओघळ लागला. तेवढ्यात अक्का आली. पिशव्यांकडे तिने बघितलंही नाही. ती सरळ मागे उकिरड्यावर गेली आणि दोन्ही हातांत साली घेऊन आली.

“ह्या साली कुणाच्या?”

सालींचे डोळे मिटलेलेच होते. गर काढला तरी साल खोटं बोलत नव्हती.

ती फ्रीजरच्या झाकणावर जाऊन बसली. “कोणती पिशवी कोणती, ते सांगा. न्हाई तर एकबी जायची न्हाई.”

ड्रायव्हर ओरडायला लागला, “ओ मावशी, बर्फ चाललंय! मी रिकामा जाऊ का? मालकाला सांगू का तसं?”

“सांग की. तोंड हाय ना तुला?”

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एकजण तर रडायलाच लागली, “अक्का, फ्रीजर जाईल व.” मला अक्काचा इतका राग आला होता की हाताला धरून खाली ओढावं वाटलं. गप्प राहिले असते तर ती संध्याकाळपर्यंत उठली नसती. मी म्हटलं, “डाव्या बाजूच्या, खालच्या दोन थरांतल्या. मीच भरल्या.”

“का गं रखमे?”

“हो म्हणून बसले होते.”

ती उठली. त्या सगळ्या पिशव्या तिने स्वतः काढल्या आणि खड्ड्यात ओतल्या. टेम्पो निम्मा भरून गेला. पंधरा दिवस बायका माझ्याशी बोलल्या नाहीत आणि तिच्याशीही. कुणी दारात आलं तरी फ्रीजर न्यायलाच आले वाटायचं. मग आइस्क्रीमवाल्याचा फोन आला. उरलेला माल त्याने दुसरीकडून घेतला होता, तो सपक निघाला. “तुमचा जेवढा होईल तेवढा द्या,” म्हणाला. “मी दुप्पट मागणार नाही.”

तेव्हापासून अक्काने नियम केला. टेम्पो जाईपर्यंत साली फेकायच्या नाहीत, दारात पोत्यावर पसरून ठेवायच्या. पुढे साहेब फोटो काढायला आले. अक्काला म्हणाले, दोन शब्द बोला. ती म्हणाली, “नको. माझ्या स्वभावाला धंदा जमत न्हाई.”

ह्या वर्षी अक्का अंथरुणाला खिळली. बीडच्या दवाखान्यात ठेवली होती. मी हंगामातल्या पहिल्या गराचा डबा घेऊन एसटीने गेले. नेहमीसारखं नको म्हणाली नाही, तेव्हाच मी समजले, आता फार दिवस नाहीत. तिने डबा नाकाशी धरला.

“कुणाच्या पाटीचा?”

“माझ्या.”

“साली कुठं हायेत?”

डोळे मिटलेल्या साली मी सकाळीच खड्ड्यात टाकून वर माती लोटली होती. ऑर्डर मोठी होती, आणि निवडायला अक्का नव्हती.

“लई घाई तुला,” म्हणाली आणि डबा परत दिला. चाखलाही नाही. चौथ्या दिवशी गेली.

पण तिने डबा परत दिला त्याच दिवशी मी गावी परतले, तर टेम्पो दारात उभा. बायका पिशव्या चढवत होत्या. मी म्हटलं, “त्या डावीकडच्या खाली उतरवा.”

“काकू, आता कुणाला कळतंय? साली तर गाडल्या तुम्हीच.”

मी फ्रीजरच्या झाकणावर जाऊन बसले.