दार्सैतमधला इंग्लंडचा राजा

अमेरिका इंग्लंडपासून का फुटली, हे आमच्या साडूंइतकं ठामपणे जगात कोणालाच सांगता येत नसेल. खुद्द अमेरिकनांनाही नाही. मला मात्र हे कळायला फजिती करून घ्यावी लागली. नोकरीसाठी मस्कतला आल्यावर पहिल्यांदाच तिथल्या दार्सैत भागात त्यांच्या घरी गेलो, तर दाराआडून खाकरत दम भरणारा आवाज आला, "माझ्या हयातीत वाटणी होणार नाही. निघालात तर पुन्हा उंबरा चढायचा नाही." कोणीतरी घरात घुसून साडूंना धमकावतंय अशी माझी खात्रीच झाली. मी खाली धावलो आणि इमारतीच्या नातूरला, म्हणजे वॉचमनला, दंडाला धरून वर आणलं. दार ढकललं, तर चटईवर साडू आणि त्यांची मुलगी, समोर आवाज बंद केलेला टीव्ही, आणि त्यात केसांचा टोप घातलेला एक कार्टूनमधला राजा हातवारे करतोय. साडूंनी मानही न वळवता सांगितलं, "बसा. आता चहा बुडवायचाय."

मालिका इंग्रजी होती, मुलांना अमेरिकेचा इतिहास शिकवणारी. मुलगी शाळेत इंग्रजी बोले आणि घरी मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देई. त्यावर साडूंनी काढलेला उपाय असा, की चित्रं त्यांची आणि बोलणं आपलं. अमेरिकेचा इतिहास त्यांना अजिबात ठाऊक नव्हता, पण कोकणातली भाऊबंदकी पाठ होती. त्यामुळे वसाहती झाल्या धाकटे भाऊ, राजा झाला थोरला, आणि कर म्हणजे बागेतल्या आंब्यांचा हिशेब. बंदरात चहा फेकणं मात्र त्यांच्या जिवावर येई. त्यांचे क्रांतिकारक आधी एकेक कप घेत आणि उरलेला फेकत. संध्याकाळी कामावर उशीर होऊ लागला, की ते अर्बाबला, म्हणजे मालकाला, स्वच्छ सांगत, "खलास, घरी युद्ध राहिलंय."

राजाचा तो आवाज ते कुठून आणतात, हे मी कधी विचारलं नाही.

साडूंचं त्यांच्या थोरल्या भावाशी बोलणं बंद होतं. वाडीच्या वाटणीवरून बिनसलं, तेव्हाच ते ओमानला आले. एका वर्षी हे थोरले ओमानमधल्याच सूर गावी, आपल्या मुलाकडे आले, आणि माझ्या मेव्हणीने नवऱ्याला न विचारता त्यांना जेवायला बोलावलं. आम्हीही होतो. साडूंनी नवा शर्ट घातला होता आणि आपल्याला बोलायचं काही नाही, असं ते प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगत होते.

थोरले पाटावर बसले, खाकरले आणि म्हणाले, "आमटीत कोकम घातलंत ना?"

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग अस्खलित मराठीत म्हणाली, "बाबा, इंग्लंडचा राजा आपल्याकडे आला."

आम्ही सगळे आपापल्या ताटात बघू लागलो. थोरल्यांनी तिला जवळ घेऊन राजाने काय केलं ते विचारलं. तिने सगळं सांगितलं, उंबऱ्याचंही. त्यांच्या हातातला घास तसाच राहिला.

"आणि मग राजा त्यांना परत बोलावतो की नाही?"

मुलीने बापाकडे पाहिलं. साडू भातात बोट फिरवत होते. "ते अजून बघितलं नाही," ते कसेबसे म्हणाले.

"लाव तर. आणि राजाचं मी बोलतो, मेल्या. तुला नीट जमत नाही."

त्या दिवशी इंग्लंडच्या राजाने सगळ्या वसाहतींना आंबे उतरवायला घरी बोलावलं. इतिहासात असं घडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

परतताना टॅक्सीत मी साडूंच्या नकलेचं कौतुक करत होतो. बायकोने खिडकीची काच वर केली. मग म्हणाली, "नक्कल कसली? भावजींना फोन करवत नव्हता, म्हणून ते रोज भावाचा आवाज ऐकून घेत होते."